ड्रमसेटवर फिल घेतला की लय पळते, हात-पाय एकत्र पडत नाहीत: तपासायला कुठून सुरुवात करायची?

आधी लक्षणं. यांतली दोन-तीन तुमच्याकडे असतील तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

- ठेका चालू असतो तोवर सगळं जागेवर. फिल (ठेक्याच्या मध्ये भरायचा छोटा तुकडा) घेतला की पुढची सम लवकर येते आणि बेस वाजवणारा मान वर करून बघतो.
- गाणं ९२ ला (मिनिटाला ९२ मात्रा) सुरू झालेलं, संपताना १०० च्या पुढे गेलेलं.
- किक (पायाच्या पेडलने वाजणारा मोठा ड्रम) आणि हाय-हॅट (डाव्या पायाने उघडमीट होणाऱ्या दोन थाळ्या) एकदम पडायला हवेत तिथे ‘धप्’ न येता ‘ध-धप्’ येतं.
- उजवा पाय स्वतःचं काही वाजवत नाही. उजव्या हाताच्या मागे जातो.
- १२० ला जमतं, ६० ला जमत नाही.
- क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) लावलं की आणखीच बिघडतं.

मी ड्रमसेट शिकवते त्याला चौदा वर्षं झाली. त्याआधी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. पुण्यात गणपती झाले की ढोल-ताशा पथकातली मुलंमुली क्लासला येतात. हातात भरपूर ताकद असते, लयीची जाणही असते, पण पायांवर आजवर काही जबाबदारी पडलेली नसते. दिवाळीपर्यंत त्यांतली बहुतेक वरच्या यादीतलीच एखादी तक्रार घेऊन समोर बसतात. हा दोष मलाही होता. एका लग्नाच्या संगीताला अंतरा संपताना गायिकेने माझ्याकडे न बघता पाठीमागे हात खाली करून ‘सावकाश’ अशी खूण केली होती. त्या रात्री घरी येऊन पहिल्यांदा स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं.

हा दोष किती लहान असतो आणि तरी का ऐकू येतो ते बघा. ९० च्या लयीत एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची. मात्रेत चार स्ट्रोक घेतले तर दोन स्ट्रोकमधलं अंतर साधारण १६७ मिलिसेकंद. चार मात्रांच्या फिलमध्ये असे सोळा स्ट्रोक बसतात. प्रत्येक स्ट्रोक फक्त ५ मिलिसेकंद लवकर पडला तर तुम्हाला हातात काहीही जाणवणार नाही. पण सोळा वेळा पाच म्हणजे ८०. सम जवळजवळ अर्ध्या स्ट्रोकने आधी आली. तुम्हाला कळलं नाही, बेसवाल्याला कळलं. स्ट्रोक चुकत नाही, दोन स्ट्रोकमधली रिकामी जागा आखडते. मी जे काही तपासायला सांगते आहे ते त्या जागेसाठी आहे.

क्रम मोडू नका. पहिल्या पाच गोष्टींना पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

१. मोबाइलवर रेकॉर्डिंग

मोबाइल किटपासून तीन-चार पावलांवर ठेवा. क्लिक न लावता एकच साधा ठेका तीन मिनिटं वाजवा, दर चौथ्या बारला (एक बार म्हणजे चार मात्रा) फिल घ्या. लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका, वही घेऊन. टॅप करून लय सांगणारं कुठलंही फुकट अॅप घ्या आणि पहिल्या मिनिटाची, मधली आणि शेवटची लय लिहून काढा.

वाजवताना सगळं लक्ष हातापायांकडे असतं, कान मोकळा नसतो. म्हणून वाजवता वाजवता केलेलं निदान बहुधा चुकतं. ‘माझा डावा हात कच्चा आहे’ असं म्हणत आलेल्या कित्येकांचा डावा हात ठीक निघाला, गडबड पायात होती.

रेकॉर्डिंगवरून तीन गोष्टी कळतात. लय प्रत्येक फिलनंतर एकेक पायरी चढत असेल तर दोष फिलमध्ये आहे, थेट सहाव्या मुद्द्याकडे गेलात तरी चालेल. लय सावकाश, सगळीकडून चढत असेल तर शरीर आवळलेलं आहे. खांदे कानाकडे गेलेत का, श्वास धरला जातोय का, ते बघा. आणि लय उतरत असेल तर पाय थकतोय. मग स्टूल आणि पेडल आधी.

२. ब्लूटूथ काढा

ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचणं नेहमीचं आहे. नुसतं क्लिक ऐकत एकट्यानेच वाजवत असाल तर याने फारसं बिघडत नाही, कारण तुम्ही ऐकू येणाऱ्या क्लिकबरोबरच वाजवता. पण घरी इलेक्ट्रॉनिक किट असेल आणि त्याचा आवाज तुम्ही ब्लूटूथवरून ऐकत असाल, तर स्वतःचाच स्ट्रोक उशिरा ऐकू येतो. मग हात तो उशीर भरून काढायला लवकर पडायला लागतो. आठ-दहा दिवसांत ती सवय होते, आणि साध्या किटवर बसलात की सगळं पुढे पळतं. वायरचा हेडफोन लावा. एका मुलाचा तीन महिन्यांचा त्रास एवढ्यानेच संपला. दरम्यान त्याच्या वडिलांनी त्याला नवं पेडलही घेऊन दिलं होतं.

३. स्टूल

घाईत असाल तरी हा मुद्दा सोडू नका. हात-पाय एकत्र न पडण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण माझ्या पाहण्यात हेच आहे.

नेहमीसारखं बसा, दोन्ही पाय पेडलवर. आता दोन्ही पाय एकदम दोन बोटं वर उचला. पाठीमागे कलंडलात, किंवा हात कुठेतरी टेकवावासा वाटला, तर तुमच्या शरीराचं वजन पायांवर आहे. ज्या पायावर शरीर तोललेलं आहे तो पाय वाजवायला मोकळा नसतो. तो प्रत्येक किकच्या आधी तोल सोडतो, मग वाजवतो. त्यात जाणारा वेळ म्हणजे तुमच्या ‘ध-धप्’मधला पहिला ‘ध’.

बारा वर्षांची एक मुलगी येते. क्लासमध्ये बरी वाजवायची, घरून पाठवलेल्या व्हिडिओत मात्र किक नेहमी मागे. एकदा तिला म्हटलं, “मोबाइल बाजूला ठेव आणि गुडघा दिसेल असा व्हिडिओ काढ.” घरी ती जेवणाच्या टेबलाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत होती. गुडघे कमरेच्या वर. डाव्या पायाने हाय-हॅट उघडताना तिचं सगळं धड उजवीकडे झुकायचं आणि त्या झुकण्यातून सावरल्यावर किक पडायची. “ताई, मी तर हललेच नाही,” ती म्हणाली. व्हिडिओ हळू करून दाखवला तेव्हा स्वतःच खुर्चीवरून उठून उभी राहिली. आजीची सतरंजी चौघडी करून खुर्चीवर टाकली, चार बोटं उंची वाढली. पुढच्या व्हिडिओत निम्मी ‘ध-धप्’ गेली होती, आणि सरावाचा एक मिनिटही वाढवलेला नव्हता.

कंबर गुडघ्यापेक्षा थोडी वर, मांड्या पुढे किंचित उतरत्या, आणि बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं. उंची सापडली की स्टूलच्या दांड्यावर मार्करने खूण करा.

४. किक, पेडल आणि फरशी

आपल्याकडे घरात आणि हॉलमध्ये गुळगुळीत फरशी असते. किक दर गाण्याला बोटभर पुढे सरकते, पाय तिच्यामागे लांबत जातो, आणि तिसऱ्या गाण्यापासून किक उशिरा येते. खाली जाडसर सतरंजी किंवा जुना गालिचा टाका आणि किकचे पुढचे टोकदार पाय त्यात रुतवा. सतरंजीची एक बाजू तुमच्या स्टूलखाली यायला हवी. तुमच्या वजनाने ती धरून राहते.

पेडलला हात लावून बघा. बीटरचा (किकवर आपटणाऱ्या दांड्याचा) स्क्रू सैल आहे का, स्प्रिंग दोन्हीकडून नीट अडकली आहे का, कुरकुर होते का. स्प्रिंग फार सैल असेल तर बीटर परत यायला वेळ घेतो आणि लागोपाठच्या दोन किकमधली दुसरी मागे पडते. फार आवळली तर प्रत्येक किकला जोर लागतो आणि नडगी भरून येते. ड्रमची चावी घेऊन अर्धा फेरा फिरवा, वाजवून बघा, मग पुढचा अर्धा. हाय-हॅटचा क्लच (वरची थाळी दांड्याला धरून ठेवणारा भाग) सैल असेल तर वरची थाळी घसरते आणि डावा पाय कितीही बरोबर पडला तरी आवाज बरोबर येत नाही.

५. स्टिक

दोन्ही स्टिक काचेवर किंवा ओट्यावर लोळवा. डुगडुगणारी बाजूला काढा. मग एकेक करून फरशीवर टोक वाजवा. एकीचा सूर उंच आणि दुसरीचा खाली असेल तर वजनात फरक आहे, आणि डाव्या हाताला जड काठी देऊन त्यालाच कच्चा म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

पथकातून आलेल्यांनी एक गोष्ट जरूर बघावी. ढोलावर टिपरू खांद्यापासून येतं आणि तिथे ते बरोबरच आहे. स्नेअरवर (दोन गुडघ्यांमधल्या समोरच्या ड्रमवर) तेवढ्या लांबून हात आला तर पुढच्या स्ट्रोकला वेळेवर परत जाऊ शकत नाही. प्रॅक्टिस पॅडवर (सरावाच्या रबरी चकतीवर) स्टिक एका हाताने नुसती सोडा आणि तिला आपोआप उसळू द्या. मग दुसऱ्या हाताने. ज्या हातात उसळ्या लवकर मरतात तो हात स्टिक आवळतोय. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये स्टिक झोपाळ्यासारखी झुलली पाहिजे.

इथपर्यंत येऊन फरक पडला नसेल तर आता सरावाचा भाग.

६. तोंडाने मोजा, फिलमध्येसुद्धा

तबला आणि कथक शिकणारे पढंत करतात. हाताने ताल धरून बोल तोंडाने म्हणतात, मग वाजवतात किंवा नाचतात. ड्रमवाले ही पायरी गाळतात. ‘वन-ई-अँड-अ’ म्हणा, ‘त-क-दि-मि’ म्हणा, तुमच्या जिभेला जे सोपं ते, पण मोठ्याने. ओठातल्या ओठात मोजलेलं धरू नका.

आधी काही न वाजवता दोन बार नुसतं म्हणा. मग म्हणत म्हणत ठेका. मग फिल. आता लक्ष द्या: फिल सुरू झाला की तोंड कुठे बंद पडतं? जिथे तोंड गप्प होतं तिथेच लय पळते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता विद्यार्थ्याच्या हातांकडे बघतच नाही, ओठांकडे बघते. तोंड सुटतं त्या जागेचे चार स्ट्रोक वेगळे काढायचे, ५० च्या लयीत दहा वेळा म्हणत वाजवायचे, मग परत फिलमध्ये बसवायचे. फिल मोठा असेल तर छोटा करा. एका मात्रेचा फिल जागेवर येऊ दे, मग दोन मात्रांचा.

६० ला जमत नाही आणि १२० ला जमतं त्याचंही कारण हेच. १२० ला मधली जागा इतकी लहान असते की ती भरायची गरजच पडत नाही. ६० ला ती उघडी पडते. म्हणून हळू लय हीच खरी परीक्षा आहे, आणि मी नव्या विद्यार्थ्याला पहिला महिनाभर ८० च्या वर जाऊ देत नाही.

७. क्लिकने बिघडत असेल तर लेहरा

क्लिक फक्त टोकं दाखवतं, दोन टोकांच्या मध्ये काही नसतं. नवख्याला त्या पोकळीची भीती वाटते आणि तो पुढच्या ‘टिक’वर झडप घालतो. लेहरा म्हणजे तबल्याच्या साथीला तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून. त्यात सूर मात्रेमात्रेतून चालत असतो, त्यामुळे सम येताना दिसते. सोळा मात्रांचा सावकाश लेहरा लावून त्यावर साधा ठेका धरा. ड्रमसेट आणि लेहरा ही जोडी काहींना विचित्र वाटते. माझ्याकडे जे क्लिकवर रडकुंडीला आले होते त्यांतले बरेच लेहऱ्यावर स्थिरावले आणि मग क्लिककडे परत गेले.

परत जायचंच आहे. तेव्हा क्लिक एकेक पायरीने कमी करा. आधी चारही मात्रांवर. मग अर्ध्या वेगाने लावून ते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतंय असं धरा. मग बारमध्ये एकच. शेवटी एक बार क्लिक, एक बार शांतता. शांततेच्या बारनंतर क्लिक तुमच्या स्नेअरखाली लपलं तर लय आता तुमच्यात आहे.

८. पॅडवरचे चार धडे

पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेने १९८४ मध्ये ठरवलेल्या यादीत ४० रुडिमेंट (स्टिकचे पायाभूत धडे) आहेत. ती सगळी या दोषासाठी लागत नाहीत. चार पुरतात: सिंगल (हात आलटून पालटून), डबल (प्रत्येक हाताचे दोन-दोन), पॅराडिडल आणि फ्लॅम (मुख्य स्ट्रोकच्या किंचित आधी दुसऱ्या हाताचा हलका स्ट्रोक). त्यांतही पॅराडिडलवर वेळ घाला. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. इथे पुढारीपण दर मात्रेला एका हाताकडून दुसऱ्याकडे जातं, आणि जो हात नेहमी मागे चालतो त्याला पुढे यावंच लागतं. ६० ची लय, मात्रेत चार, दोन मिनिटं न थांबता. पहिला स्ट्रोक जोरात, बाकीचे तीन जेमतेम ऐकू येतील एवढे. मग खाली दर मात्रेला पाय. ज्या क्षणी पाय डावीकडच्या मात्रेला अडखळेल तिथे थांबा आणि तेवढंच करा.

राहत्या सोसायटीत आवाजाचा प्रश्न असेल तर पॅड गादीवर ठेवा. गादीवरच वाजवू नका, स्टिक उसळत नाही आणि चुकीची सवय लागते.

९. सहा जोड्या

दोन हात, दोन पाय. या चौघांच्या जोड्या सहाच होतात. दोन हात, दोन पाय, उजवा हात-उजवा पाय, डावा हात-डावा पाय, आणि दोन तिरप्या. ६० च्या लयीत प्रत्येक जोडी एक मिनिट, दर मात्रेला एक, दोन्ही एकदम. रेकॉर्ड करा. सहा मिनिटांत कळतं कोणती जोडी ‘ध-धप्’ करते. बहुतेकांची एक तिरपी जोडी सापडते, डावा हात आणि उजवा पाय. ती जोडी रोज पाच मिनिटं: आधी एकदम, मग हात मात्रेत दोन आणि पाय एक, मग उलट. पूर्ण ठेका घोटत बसलात तर बाकीच्या पाच चांगल्या जोड्या ही एक वाईट जोडी झाकून टाकतात. लय वाढवायची ती तीन वेळा लागोपाठ स्वच्छ आलं तरच, आणि एका वेळी चारनेच.

कुठे थांबायचं

मनगटात, कोपरात किंवा नडगीत दुखत असेल तर सराव त्याच मिनिटाला थांबवा. रात्री बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, किंवा दुखणं दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीने जात नसेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. मलम चोळून वाजवत राहू नका.

एक प्रकार दुर्मीळ आहे, पण सांगितलाच पाहिजे. दुखत नाही, इतर सगळी कामं नीट होतात, फक्त स्टिक धरली की एखादं बोट आपोआप आखडतं किंवा ताठ होतं, आणि जास्त सराव केला की वाढतं. हा आळस किंवा कच्चेपणा नाही. वादकांमध्ये फोकल डिस्टोनिया नावाचा मेंदूशी संबंधित विकार असतो, त्याची शंका घ्यायला हवी. न्यूरोलॉजिस्टला दाखवा, आणि तोवर घोटणं बंद ठेवा.

कान. अमेरिकेतल्या निऑश या कामाच्या जागेच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रमसेट तिथे सहज पोचतो. इअरप्लग घाला. वाजवून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल आणि दुसऱ्या दिवशीही गेली नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

पेडलची स्प्रिंग तुटली, चेन निसटली किंवा पायाची फळी वाकली असेल तर वाद्यदुरुस्तीवाल्याला दाखवा. तार बांधून चालवलेलं पेडल गाण्याच्या मध्येच सुटतं.

आणि या सगळ्यातून सहा आठवडे रोज अर्धा तास गेल्यावर पहिलं आणि आजचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून फरक ऐकू येत नसेल, तर समोर बसून बघणारा माणूस हवा. ऑनलाइन नको, त्याच खोलीत, पाय दिसतील असा. एकदोन बैठकी पुरतात. जाताना ती वही आणि पहिलं रेकॉर्डिंग बरोबर न्या, ते पुसलेलं नसू दे, आणि स्टूलवर केलेली खूण जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून लिहून न्या.